फ्रीजरमधला बर्फ आणि कोरडा ट्रे

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई लोणी काढायला बसल्या आणि साईचा डबा घेण्यासाठी त्यांनी फ्रीजरमध्ये हात घातला, तर डबा जागचा हलेना. डब्याच्या बुडाशी बर्फ धरला होता आणि मागच्या बाजूने तो फ्रीजरच्या भिंतीला असा चिकटला होता, की भिंत कुठे संपते आणि स्टील कुठे सुरू होते ते कळत नव्हते. त्यांनी उलथने आणले. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि कोमट पाण्यात बुडवलेले फडके डब्याभोवती गुंडाळून पाच-सात मिनिटांनी डबा सोडवला. उलथन्याची मला धास्ती आहे, कारण माझ्या माहेरी, मंगळवार पेठेत, एका दाराचा जुना फ्रीज होता आणि त्यातला बर्फ कोणीतरी सुरीने खरवडला, तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज होऊन तो फ्रीज कायमचा निकामी झाला होता. तशा फ्रीजमध्ये गॅसची नळी फ्रीजरच्या पत्र्यातच फिरवलेली असते आणि तो पत्रा सुरीच्या टोकापुढे टिकत नाही. सुरी कोणी चालवली हे घरात सर्वांना माहीत आहे आणि कोणीही बोलत नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरातला आताचा फ्रीज मात्र दोन दारांचा, अडीचशे लिटरचा, ‘फ्रॉस्ट फ्री’ म्हणून घेतलेला. बर्फ खरवडण्याची वेळच येऊ नये म्हणून त्या काळी जास्तीचे पैसे मोजून आम्ही तो घेतला होता आणि दहा वर्षे त्याने तक्रारीला जागा दिली नव्हती. त्याच्या फ्रीजरमध्ये आम्ही ठेवतो तरी काय? साय, सोललेले मटार, किसलेले ओले खोबरे आणि बर्फाचे दोन ट्रे. मटण आणल्या दिवशीच शिजले पाहिजे, ते गोठवून ठेवणे म्हणजे मटणाचा अपमान, असे सासऱ्यांचे ठाम मत असल्यामुळे तो विषयच नाही. एवढ्याशा सामानात इतका बर्फ कशाने येतो, हा पहिला प्रश्न मला पडला आणि तो प्रश्नच चुकीचा होता, हे कळायला पुढचा दीड महिना गेला.

डब्याच्या प्रसंगानंतर दोनच दिवसांनी खालच्या कप्प्यातले दूध नासले. वर बर्फाच्या भिंती आणि खाली नासलेले दूध, हा प्रकार सासूबाईंना भुताटकीसारखा वाटला आणि खरे सांगायचे तर मलाही. त्याचे कारण मला नंतर समजले, पण ते इथेच सांगते, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. अशा फ्रीजमध्ये थंडी एकाच ठिकाणी तयार होते, ते ठिकाण म्हणजे फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनलआड असलेली नळ्यांची गुंडाळी. तिला कारागीर ‘कॉइल’ म्हणतात. कॉइलवरून हवा खेचणारा एक छोटा पंखा असतो आणि तोच ती गार हवा वर फ्रीजरमध्ये आणि एका बोळातून खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवरच बर्फाचा थर चढला, की हवेला जायला वाट उरत नाही. वरचा भाग कॉइलला लागून असल्यामुळे तो कसाबसा गार राहतो आणि खालचा कप्पा उपाशी राहतो. म्हणजे वर बर्फ जास्त झाला म्हणूनच खाली दूध नासत होते.

सासूबाईंची आणखी एक तक्रार होती. “पयल्यासारखा रात्री चरचरत पण न्हाई ह्यो,” असे त्या दोनदा म्हणाल्या. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि त्यांची झोप हलकी आहे. यंत्राचा आवाज बंद होणे ही मला चांगली गोष्ट वाटली आणि मी तिकडे लक्ष दिले नाही.

माझा पहिला संशय पावसावर गेला. कोल्हापूरचा आषाढ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो संशय वावगा वाटणार नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, पापड तळल्यानंतर ताटात येईपर्यंत मऊ होतात, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात. अशा हवेत फ्रीजचे दार जरा जरी उघडे राहिले, तरी ती ओल आत जाऊन गोठणारच. दार नीट बसते का, हे पाहण्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. दहाची नोट दाराच्या रबरात निम्मी आत ठेवून दार लावले आणि नोट ओढून पाहिली; चांगल्या रबरात ती अडकून बसते, ओढताना हाताला ताण लागतो. चारही बाजूंनी, वितीवितीवर हे केले, तेव्हा बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात नोट लोण्यातून निघावी तशी बाहेर आली. रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवून मोबाइलची बॅटरी लावून तो फ्रीजरमध्ये ठेवला आणि दार बंद केले, तर त्याच कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ बाहेर आलेली दिसली.

या फटीचे मूळ २०१९ च्या महापुरात होते. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, तेव्हा आम्ही फ्रीज घाईघाईने चार लाकडी ओंडक्यांवर चढवला होता, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आल्यावर ते ओंडके काढण्याचा विचारही आम्ही सोडून दिला. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांकडे, म्हणजे धोक्याच्या खुणेकडे, सरकू लागली, की आमच्या गल्लीत जो तो घरातल्या वस्तू किती उंचीवर आहेत ते बघत फिरतो. त्यामुळे ओंडक्यांवरचा फ्रीज कोणाला खटकत नव्हता. पण दोन पावसाळ्यांत पुढचे दोन ओंडके ओलीने बसले होते आणि फ्रीज पुढे कलला होता. वास्तविक फ्रीज किंचित मागे कललेला हवा, म्हणजे अर्धवट सोडलेले दार आपल्या वजनाने मिटते. आमचे दार उलट आपल्या वजनाने उघडायला बघत होते.

एका रविवारी दिराच्या मदतीने फ्रीज पुढे ओढला आणि ओंडक्यांच्या जागी लोखंडी स्टँड बसवून मागचा उतार दिला. रबर साबणाच्या पाण्याने पुसले, कोपऱ्यात जिथे ते आकसले होते तिथे केस वाळवण्याच्या ड्रायरने शेकून बोटांनी ओढून सरळ केले. फ्रीज ओढला त्याच वेळी मागे, कॉम्प्रेसरच्या वर, प्लास्टिकचा एक उथळ ट्रे दिसला. त्यात धुळीचा जाड थर होता आणि एक वाळलेले झुरळ. पाण्याचा मागमूस नव्हता. ट्रे कोरडा आहे म्हणजे कुठे गळत नाही, असा अर्थ काढून मी समाधानाने तो पुसून परत ठेवला. आज त्या समाधानाची लाज वाटते.

मग बर्फ काढायचा होता. पहिल्या खेपेला मी फ्रीज तीन तास बंद ठेवला, दिसणारा बर्फ वितळला, फरशीवरचे पाणी टिपले आणि फ्रीज सुरू केला. चौथ्या दिवशी परिस्थिती पूर्ववत झाली. कारण दिसणारा बर्फ गेला होता, पॅनलच्या आड कॉइलवर होता तो तसाच होता. दुसऱ्या खेपेला शनिवारी रात्रीपासून रविवारी रात्रीपर्यंत पूर्ण चोवीस तास दोन्ही दारे उघडी ठेवली, समोर टेबल फॅन लावला, खाली पराती मांडल्या आणि दूध-साय शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये पाठवली. या वेळी पाणी मोजले. परातींत आणि मागच्या ट्रेमध्ये मिळून साधारण सव्वा लिटर भरले; पोत्यांनी टिपलेले वेगळे.

पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी बावीस वर्षे गेली असल्यामुळे तारखा टिपून ठेवण्याची सवय आहे. वहीत लिहिले तसे सांगते. चोवीस तासांनंतर सुरू केलेला फ्रीज पहिल्या दिवसापासून उत्तम चालला. खालच्या कप्प्यात ठेवलेल्या थर्मामीटरवर ४ अंश, फ्रीजरमध्ये उणे १७. दाराजवळच्या कोपऱ्यात पूर्वी धरणारा बर्फ जवळजवळ नाहीसा झाला होता, म्हणजे स्टँड आणि रबर यांचा उपयोग झाला होता. सातव्या दिवशी मागच्या पॅनलवर, बरोबर मधोमध, पांढरी बुरशी धरावी तसा बर्फाचा पट्टा उमटला. नवव्या दिवशी पंख्याचे पाते कशाला तरी घासत असल्यासारखी खरखर सुरू झाली. अकराव्या दिवशी खालचे तापमान १२ अंशांवर गेले आणि दूध नासले. पुन्हा चोवीस तास, पुन्हा पराती, पुन्हा शेजारच्या काकू. आणि पुन्हा अकराव्या नाही तर दहाव्या दिवशी तेच.

आता कारागीर बोलावणे भाग होते. एका सेवा केंद्राचा माणूस आला. त्याने खालच्या कप्प्यात हात घालून पाहिला, कॉम्प्रेसरवर हात ठेवून पाहिला आणि गॅस कमी झाल्याचे सांगून साडेतीन हजारांचा अंदाज दिला. पॅनल उघडले नाही. मी त्याला वही दाखवली आणि विचारले, की गॅस गळून कमी झाला असेल, तर बर्फ वितळवल्यावर तो परत कसा भरतो? कारण प्रत्येक वेळी फ्रीज आठवडाभर नव्यासारखा चालतो. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, जुना झाला की असंच होतंय.” वयाचा मुद्दा मला मान्य होता, पण तो माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हता. तपासणीचे पैसे देऊन मी त्याला निरोप दिला.

त्या रात्री मी पाण्याचा हिशेब मांडला. मुलाच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकात हवेतल्या बाष्पाचा तक्ता आहे. पावसाळ्यातली २५ अंशांची दमट हवा घेतली, तर तिच्या एका घनमीटरमध्ये २२ ग्रॅमच्या आसपास पाणी असते. हीच हवा ४ अंशांपर्यंत गार झाली तर तिच्यात सहा-साडेसहा ग्रॅम उरते आणि उणे १८ ला जेमतेम एक. बाकीचे सगळे कुठेतरी सोडून द्यावे लागते. आमचा खालचा कप्पा १९० लिटरचा आणि वरचा ६० चा. दार उघडल्यावर निम्मी हवा बदलते असे धरले, तर खालच्या दाराच्या प्रत्येक उघडझापीला दीड ग्रॅम आणि वरच्या दाराच्या सहा-दशांश ग्रॅम पाणी आत येते. आमच्या घरात सहा माणसे. खालचे दार दिवसाला चाळीस वेळा उघडते असे म्हटले तर कोणी हरकत घेऊ नये. वरचे दहा वेळा. दिवसाची बेरीज ६६ ग्रॅम, अकरा दिवसांची सातशेहून थोडी जास्त. त्यात झाकण न ठेवलेली आमटी, मेथी-पालकाच्या ओल्या जुड्या, काकडी-टोमॅटो यांतून उडणारे पाणी मिळवले, की सव्वा लिटर ही काही मोठी रक्कम राहत नाही.

मी जमेच्या बाजूला घोटाळा शोधत होते आणि जमा तर रास्त निघाली. एवढे पाणी आमच्या फ्रीजमध्ये गेली दहा वर्षे प्रत्येक पावसाळ्यात येत असणार आणि हिवाळ्यातही थोड्या प्रमाणात येतच असणार. मग इतकी वर्षे ते जात कुठे होते? खर्चाची बाजू कुठेतरी बंद पडली होती. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये बर्फ होतच नाही, या समजुतीने मी चालले होते. प्रत्यक्षात तो रोज होतो आणि रोज काढला जातो. काढणारा संप करून बसला होता.

आमच्या पतसंस्थेचे एक सभासद उद्यमनगरात मोटारी बांधण्याचे काम करतात. त्यांच्या ओळखीने एक वयस्कर फ्रीज मिस्त्री मिळाले. त्यांना मी फोनवर सगळी हकिकत वहीतून वाचून दाखवली. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी विचारले, “शेवटचा बरफ कवा काढलासा?” मी म्हटले, तीन दिवस झाले. “मग आता काढू नका, वहिनी. साठू दे हवा तेवढा. दूध नासाय लागलं की फोन करा, मग येतो.”

हा सल्ला घरात कोणालाच पटला नाही. सासूबाई म्हणाल्या, “मी कवाधरनं सांगतोय, नवा घ्या म्हणून. दूध नासायची वाट बघत बसायची म्हणजे काय?” पण मिस्त्रींच्या म्हणण्यातली खोच मला लगेच पटली. मी दर खेपेला मेहनतीने बर्फ काढला होता आणि दर खेपेला पुरावाही परातीत घालून मोरीत ओतला होता. म्हणून आठवडाभर रोजच्या रोज दूध आणले, सायीचा डबा काकूंकडेच ठेवला आणि मागच्या पॅनलवर पांढरा पट्टा कसा पसरतो ते पाहत बसलो. दहाव्या दिवशी खरखर वाढली आणि मी फोन केला.

मिस्त्री सायकलवरून आले. सोबत कापडी पिशवी, त्यात स्क्रू ड्रायव्हर, एक मीटर, चिमट्यासारखा दुसरा मीटर आणि जुन्या फ्रीजमधले काही सुटे भाग. आल्या आल्या त्यांनी फ्रीजच्या मागे बॅटरी मारून कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचली. आमच्या फ्रीजमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस आहे. अलीकडच्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो आणि तो पेट घेणारा वायू असल्यामुळे तिथे ड्रायर, ठिणगी, खरवडणे यांबाबत जास्तच जपावे लागते, असे त्यांनी सांगितले. मी रबर शेकायला ड्रायर वापरला होता, तेव्हा ही पट्टी वाचण्याचे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मग त्यांनी ट्रेवर बॅटरी मारली. “ह्यो कोरडा कवापासून हाय?” मी म्हटले, मागे ओढला तेव्हाही कोरडाच होता. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज वितळणारे पाणी त्याच ट्रेत यायला हवे होते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथून उडून जायला हवे होते. भर पावसाळ्यात त्या ट्रेवर धूळ बसते याचा अर्थ बऱ्याच दिवसांत तिथे थेंबही पडलेला नाही. तो ट्रे मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

कॉम्प्रेसरजवळ टायमर नावाची एक छोटी डबी असते. कॉम्प्रेसर ठरावीक तास चालला, की हा टायमर त्याला बंद करतो आणि कॉइलखालच्या हीटरला वीज देतो; बर्फ वितळेल इतका वेळ थांबतो आणि पुन्हा कॉम्प्रेसर सुरू करतो. त्याच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर घालण्याजोगी खाच असते. मिस्त्रींनी ती सावकाश फिरवली, एका जागी ‘टक्’ असे वाजले आणि कॉम्प्रेसर थांबला. म्हणजे टायमर आपले काम करत होता. त्यांनी चिमट्याचा मीटर हीटरकडे जाणाऱ्या वायरीभोवती धरला. आकडा शून्य. दोन मिनिटे थांबले, आकडा शून्यच. “वीज जात्या, पण वर पोचत न्हाई,” एवढेच म्हणून त्यांनी प्लग काढला आणि फ्रीजरकडे वळले.

पॅनलचे स्क्रू निघाले, पण पॅनल निघेना, कारण आतल्या बर्फाने ते धरून ठेवले होते. त्यांनी पातेलेभर गरम पाणी मागवले, त्यात फडके बुडवून, पिळून, कडेकडेने वीस मिनिटे शेकत राहिले आणि मग दोन्ही हातांनी पॅनल पुढे घेतले. आत जे दिसले ते पाहून सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. नळ्या दिसतच नव्हत्या. वरपासून खालपर्यंत, कडेपासून कडेपर्यंत, पिंजलेल्या कापसाची गादी उभी करून ठेवावी तसा एकसारखा पांढरा थर होता आणि वर पंख्याच्या पात्याने त्यात गोल खाच पाडली होती. ती आमची खरखर. मिस्त्री दोन पावले मागे सरले आणि मला म्हणाले, “बघून घ्या वहिनी. गॅस हाय तुमचा. वरपास्नं खालपतोर सारखं धरलंय. गॅस कमी असता तर सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच बरफ आला असता, बाकी नळी उघडी दिसली असती.” मग दाराकडच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, की दाराच्या रबरातून हवा आत येत असली तर बर्फ आधी तिथे, फटीसमोर, धरतो, आणि पाणी जायचे भोक तुंबले असले तर तळाला काचेसारखा घट्ट, पारदर्शक बर्फ साठतो. एवढे सगळे त्या बर्फाच्या जागेवरून आणि पोतावरून कळत होते, म्हणून त्यांना तो जागेवर हवा होता.

पुढचे काम मोजमापाचे. बर्फ शेकून काढल्यावर तळाशी काचेच्या नळीत घातलेला हीटर दिसू लागला. मिस्त्रींच्या मीटरवर त्याच्या रोधाचा आकडा ३४० ओहमच्या आसपास आला. हीटरवर १५० वॉट लिहिले होते. घरातली वीज २३० व्होल्टची; २३० चा वर्ग करून १५० ने भागले, तर सुमारे ३५३ येते, म्हणजे हीटर शाबूत होता. त्याच्या शेजारचा थर्मल फ्यूज, जो हीटर भलताच तापला तर कायमचा तुटतो, त्यानेही मीटरवर ‘टूंऽ’ असा आवाज दिला. राहिला बायमेटल. बाटलीच्या बुचाएवढी ही चकती कॉइलच्या वरच्या नळीला चापाने लावलेली असते. आत दोन धातूंची एकमेकांना जोडलेली पत्री असते; ती शून्याच्या बऱ्याच खाली गार झाली की वाकून जोड मिळवते, आणि बर्फ वितळून नळी दहाएक अंशांपर्यंत गरम झाली की उलटी वाकून जोड तोडते. टायमर वीज सोडतो, पण बायमेटलने होकार दिल्याशिवाय ती हीटरपर्यंत जात नाही. आमचा बायमेटल दहा दिवस बर्फात गाडलेला होता, म्हणजे त्याने जोड मिळवलेलीच असायला हवी होती. मीटर मुका राहिला.

इथे दुसरा कोणी असता तर नवा भाग लावून मोकळा झाला असता. मिस्त्री मात्र म्हणाले, की शेकताना तो गरम झाला असेल, म्हणून उघडला असेल. पारख नीट करू. त्यांनी आमच्याच फ्रीजरमधून निघालेला बर्फ एका पातेल्यात गोळा करायला सांगितला आणि खडे मीठ मागितले. मूठभर मीठ बर्फात कालवले, जुना बायमेटल आणि पिशवीतला नवा, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या मिश्रणात खुपसले. लहानपणी लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवताना भोवती बर्फ आणि मीठ भरायचो, तीच युक्ती. मीठ कालवलेला बर्फ नुसत्या बर्फापेक्षा पुष्कळ गार होतो, उणे वीस अंशांच्या जवळ जाऊ शकतो. पातेल्याला बाहेरून दव धरले, मग ते दवही पांढरे झाले. चहा होईपर्यंत नव्या बायमेटलमधून बारीक ‘टिक्’ ऐकू आले आणि मीटर वाजला. जुना चहा पिऊन झाला तरी गप्प होता. अर्ध्या तासाने बाहेर काढला तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या कवचाला केसाएवढी चीर गेलेली दिसली. त्या चिरेतून ओल शिरून आतली जोड गंजली असावी, असे मिस्त्रींचे म्हणणे. आम्ही तो फोडून पाहिला नाही.

नव्या बायमेटलची किंमत १८० रुपये झाली. तो त्यांनी जुन्याच जागी, त्याच नळीवर चापाने बसवला, कारण जागा बदलली तर तो लवकर उघडतो आणि कॉइलच्या दुसऱ्या टोकाला बर्फ राहतो. वायरींचे जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडले नाहीत. आकसणारी नळी चढवून काडीने शेकून बंद केले. पाणी जायच्या भोकात पेलाभर कोमट पाणी ओतले आणि ते मागच्या ट्रेत उतरते की नाही हे मला बघायला लावले. उतरले. मजुरीचे पाचशे त्यांनी सांगितले, मी सहाशे देऊ केले, त्यांनी शंभर परत केले.

जाण्यापूर्वी फ्रीज तीन तास चालू दे, मग पुन्हा बघू, असे म्हणून ते सासऱ्यांशी खासबागेतल्या जुन्या कुस्त्यांबद्दल बोलत बसले. तीन तासांनी टायमरची खाच पुन्हा फिरवली, ‘टक्’ झाले, आणि या वेळी चिमट्याच्या मीटरवर ०.६ अँपिअरच्या पुढचा आकडा उमटला. १५० वॉटच्या हीटरला तेवढीच वीज लागते. दार बंद करून आम्ही सगळे स्वयंपाकघरात गप्प उभे राहिलो. तीन-चार मिनिटांनी आतून हलका आवाज आला, तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा, ‘चर्र’, आणि थोड्या वेळाने पुन्हा ‘चर्र’. वितळलेल्या बर्फाचे थेंब तापलेल्या हीटरवर पडत होते. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ह्योच. ह्योच आवाज म्हणत होतो मी.”

त्याला आता सात आठवडे झाले आहेत. मागचे पॅनल स्वच्छ आहे आणि साय आमच्याच घरी परत आली आहे. बिजागरीकडच्या कोपऱ्यातले रबर शेकून सरळ केले तरी पूर्ण बसत नाही, तिथे अजून नखाएवढा बर्फ धरतो. नवे रबर सांगून ठेवले आहे. दर रविवारी झाडताना मी फ्रीजमागे बॅटरी मारून ट्रे बघते. श्रावणातल्या एका रविवारी त्यात बोटभर पाणी होते, गणपतीनंतर जरा कमी. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून चर्र ऐकू येते, आणि भिंतीपलीकडे सासूबाई कूस बदलतात.